पार्श्वभूमी : ‘डी.मिन.’ आणि ‘सेवाकार्य’ या शब्दाचा गुंता

‘डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री’, म्हणजे ‘डी.मिन.’, ही पदवी अमेरिकेतल्या कॅथोलिक संस्थांमध्ये कोण घेतं? कुणी वीस वर्षं पॅरिश (एका चर्चखालचा धर्मग्राम) सांभाळलेले फादर असतात, कुणी इस्पितळात रुग्णांच्या उशाशी बसणारी धर्मभगिनी, तर कुणी धर्मप्रांताचं धर्मशिक्षण कार्यालय चालवणारी प्रापंचिक (धर्मगुरू वा धर्मभगिनी नसलेली) बाई. काम सोडायचं नसतं. उन्हाळ्यात किंवा जानेवारीत काही दिवस वर्गात सलग बसायचं, बाकी वर्षभर आपापल्या जागी राहून वाचायचं, लिहायचं. शेवटी ग्रंथालयात बसून लिहिलेला प्रबंध नव्हे, तर प्रकल्प द्यायचा. आपल्याच कामातली एखादी अडचण घ्यायची, ती धर्मशास्त्राच्या उजेडात तपासायची, काहीतरी करून पाहायचं आणि जे घडलं ते, फसलेलंसुद्धा, मांडायचं.

ही पदवी रोमच्या शिडीवर नाही. पोपमान्य विद्यापीठांची उतरंड बॅकलॉरिएट, लायसेन्शिएट, डॉक्टरेट अशी आहे. तिचे नियम १९३१ मध्ये नीट बांधले गेले, १९७९ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये नव्याने लिहिले गेले. श्रीलंकेतल्या कँडीहून १९५५ साली पुण्याला आलेल्या सेमिनरीचे (धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेचे) विद्यार्थी ज्या धर्मशास्त्र विभागात शिकतात, तिथेही हीच शिडी आहे. डी.मिन. तिच्या कुठल्याच पायरीत बसत नाही. ती अमेरिकेच्या विद्यापीठीय व्यवस्थेची पदवी आहे, आणि तीही प्रॉटेस्टंट घरातून आलेली.

त्याआधीचा इतिहास लांबलचक असला तरी इथे थोडक्यात आटोपता येतो. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये सेमिनरीची सक्ती केली. त्यामागे खेड्यापाड्यांतल्या अर्धशिक्षित धर्मगुरूंची चिंता होती. ती व्यवस्था चार शतकं टिकली, पण तिची सगळी ताकद दीक्षेपर्यंतच्या, म्हणजे धर्मगुरू होईपर्यंतच्या, वर्षांवर खर्च होई. दीक्षेनंतर वार्षिक तपसाधना, अधूनमधून धर्मगुरूंची परिषद, आणि ज्याच्यात हौस असेल त्याची पुस्तकं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये, सेमिनरीनंतरही शिक्षण चालू राहिलं पाहिजे, असं स्पष्ट लिहिलं. १९९२ च्या पोपपत्राने त्याला अखंड घडणीचं पूर्ण प्रकरण दिलं. मात्र ही वाक्यं धर्मगुरूंसाठी होती, हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवावं.

पदवी जन्मली ती मात्र मानापमानातून. अमेरिकेतला पास्टर बी.ए. करून आणखी तीन वर्षं धर्मशास्त्र शिके आणि हाती पडे ती पुन्हा ‘बॅचलर’चीच पदवी, बी.डी. तेवढीच वर्षं शिकणाऱ्या वकिलांनी १९६० च्या दशकात आपल्या एल्‌एल.बी.चं ‘ज्युरिस डॉक्टर’ करून घेतलं. मग आम्हीच का मागे, असा सूर निघाला. काहींचं म्हणणं होतं, पहिल्याच पदवीला डॉक्टर म्हणा. दुसरी बाजू म्हणाली, डॉक्टर हवं तर आधी काम करून या. १९७० च्या सुमारास मान्यता देणाऱ्या संस्थेने ही पदवी स्वीकारली आणि कालांतराने दुसरी बाजू जिंकली. बी.डी.ची एम.डिव्ह. (‘मास्टर ऑफ डिव्हिनिटी’) झाली; तिच्यावर निदान तीन वर्षांचा सेवेचा अनुभव, आणि मग डी.मिन. माझ्या मते या सगळ्या घडामोडीतला हा एकच निर्णय खरोखर शहाणपणाचा होता. नाहीतर ही नुसती पाटी बदलण्याची हौस ठरली असती.

‘अनुभव हाच पाठ’ ही कल्पना आयती मिळाली होती. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या मनोरुग्णालयात १९२५ पासून धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांजवळ बसवून शिकवत. कॅथोलिकांकडे बेल्जियमच्या कामगार चळवळीतून आलेलं ‘पाहा, पारखा, कृती करा’ हे सूत्र होतं. १९६१ च्या पोपपत्राने त्याची शिफारस केली होती. दोन्ही प्रवाह जुळायला एका छताची गरज होती. अमेरिकेतल्या कॅथोलिक सेमिनरी १९६० च्या दशकाच्या शेवटी प्रॉटेस्टंटांच्याच त्या मान्यता-संस्थेत सामील होऊ लागल्या, आणि नवी पदवी त्यांच्या ओटीत पडली.

ती कुणाच्या कामी आली, हे आकडे सांगतात. १९६५ मध्ये अमेरिकेत ५८-५९ हजार धर्मगुरू आणि सुमारे १ लाख ८० हजार धर्मभगिनी होत्या. पन्नास वर्षांनी धर्मगुरू ३७-३८ हजारांवर आले आणि धर्मभगिनी ५० हजारांच्याही खाली. मोकळ्या खुर्च्यांवर प्रापंचिक येऊन बसले. २००५ पर्यंत पॅरिशमध्ये पगारावर असे ३० हजारांहून जास्त लोक होते, दहातल्या आठ बायका. १९४३ मध्ये इंडियानातल्या एका महिला महाविद्यालयाने दार उघडेपर्यंत अमेरिकेतल्या कॅथोलिक बाईला धर्मशास्त्रात उच्च पदवी घ्यायला जागाच नव्हती. तिच्या पुढच्या पिढ्या आता डॉक्टरेटच्या वर्गात फादरांच्या शेजारी बसत होत्या.

आणि इथे तो शब्द आडवा आला. पदवी ‘मिनिस्ट्री’ची, मग ‘मिनिस्ट्री’ करतं कोण?

जुन्या भाषेत मिनिस्ट्री दीक्षितांची आणि प्रापंचिकांचं ते ‘अपोस्टोलेट’, प्रेषितकार्य. ही भिंत पहिल्यांदा रोमनेच हलवली. १९७२ मध्ये पोपनी कनिष्ठ दीक्षा (धर्मगुरुपदाआधीच्या खालच्या पायऱ्या) बंद केल्या आणि वाचक व वेदीसेवक ही प्रापंचिकांसाठीची ‘मिनिस्ट्री’ ठरवली, फक्त पुरुषांसाठी. १९८३ च्या धर्मविधानातल्या ५१७ व्या कलमाने आणखी पुढे जाऊन, धर्मगुरूंचा तुटवडा असेल तर पॅरिशच्या देखभालीत दीक्षा नसलेल्या व्यक्तीलाही वाटा देता येईल, असं म्हटलं. अमेरिकेत या कलमाखाली प्रापंचिक आणि धर्मभगिनी प्रत्यक्षात पॅरिश चालवू लागल्या. इमारतीच्या गळतीपासून मृत्यूच्या घरी जाण्यापर्यंत सगळं त्या बघत. मिस्साला, म्हणजे वेदीवरच्या मुख्य उपासनेला, फादर बाहेरून येत.

ऑगस्ट १९९७ मध्ये व्हॅटिकनच्या आठ खात्यांनी मिळून एक आदेशपत्र काढलं. दीक्षा नसलेल्यांनी ‘पास्टर’, ‘चॅपलेन’, ‘कोऑर्डिनेटर’, ‘मॉडरेटर’ अशी नावं लावणं गैर आहे, कारण त्यामुळे धर्मगुरूच्या भूमिकेविषयी गोंधळ होतो, असं त्यात आहे. आठ खात्यांनी एका पाटीसाठी सह्या कराव्यात हे आज वाचताना गंमतीचं वाटतं. इस्पितळात ‘चॅपलेन’ म्हणून काम करणाऱ्या बाईला मात्र ती गंमत नव्हती. न्यायाने सांगायचं तर पत्रामागची भीती पोकळ नव्हती. धर्मगुरू नसणं हीच नेहमीची स्थिती झाली तर साक्रमेंतांचं (चर्चच्या पवित्र संस्कारांचं) काय, हा प्रश्न खराच होता. पण उत्तर म्हणून नावं काढून घेतली गेली, काम तेवढंच राहिलं.

आठ वर्षांनी, नोव्हेंबर २००५ मध्ये, अमेरिकी बिशपांनी प्रापंचिकांच्या सेवाकार्यावर दस्तऐवज संमत केला. ‘ले एक्लेसियल मिनिस्टर’ (चर्चचं सेवाकार्य करणारी प्रापंचिक व्यक्ती) हा शब्द ठेवायचा की नाही यावर सभागृहात बरीच खडाजंगी झाली. अखेर शब्द राहिला आणि दस्तऐवज १९० विरुद्ध ४९ मतांनी संमत झाला, सोबत खुलाशासह : हा हुद्दा नव्हे, हा एक व्यापक प्रवर्ग आहे. शिक्षणाची अपेक्षा त्यात मांडली होती ती पदव्युत्तर, निदान पदवीची. डॉक्टरेट ही ज्याची त्याची हौस.

सगळ्यात चमत्कारिक पेच प्रवचनाचा. सेंट लुईसमध्ये प्रवचनकलेची स्वतंत्र डी.मिन. निघाली. धर्मविधानाच्या ७६७ व्या कलमाप्रमाणे मिस्सातलं प्रवचन फक्त धर्मगुरू किंवा डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचा दीक्षित) देऊ शकतात. म्हणजे प्रवचनात डॉक्टर झालेल्या बाईने रविवारी बाकावर बसून पुढच्याचं ऐकायचं. तिने तपसाधनेत, प्रार्थनासभेत बोलायला हरकत नाही.

मराठीत हा वाद मांडताना पंचाईत होते. वसईकडच्या मराठीत आपण दोन्हीला सरसकट ‘सेवाकार्य’ म्हणतो : फादर करतात तेही सेवाकार्य, रविवारच्या धर्मशिक्षणाला शिकवणारी ताई करते तेही. ‘प्रेषितकार्य’ हा शब्द आहे, पण तो छापील कागदावरच जास्त. त्यामुळे १९९७ च्या पत्रातला जाच भाषांतरात निसटतो. तो निसटणं बरं की वाईट, यावर आपल्याकडेच दोन मतं निघतील.

२०२१ मध्ये रोमने वाचक आणि वेदीसेवकपद बायकांना खुलं केलं आणि धर्मशिक्षकांसाठी वेगळी ‘मिनिस्ट्री’ जाहीर केली. शब्दावरचा जुना पहारा सैल झाला, शिडी मात्र जिथल्या तिथे राहिली. एकाच वर्गातून डी.मिन. झालेल्या दोघांपैकी फादरांची बदली झाली तर प्रकल्प मागे राहतो, पण दुसरी पॅरिश मिळतेच. जुन्या पॅरिशमधल्या त्यांच्या प्रापंचिक सहकारी बाईची नोकरी नवे प्रमुख धर्मगुरू ठेवतील की नाही, हे तिला ते आल्यावरच कळतं.