विहिरीत न उतरता विहिरीची खबर

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात विहिरीजवळ किंवा बोअरजवळ पत्र्याची एक पेटी हमखास दिसते. आत मोटारीचा स्टार्टर आणि त्याच्या जोडीला बऱ्याच ठिकाणी लाइट आली की मोटार आपोआप चालू करणारा ऑटो स्विच किंवा फोनवरून चालणारा मोबाईल स्टार्टर. शेतीची थ्री-फेज लाइट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. मध्यरात्री सालदाराने बिबट्याच्या धाकात वावरात जाण्यापेक्षा घरूनच फोन लावून मोटार चालू करावी, एवढी साधी गरज. मेकॅट्रॉनिक्सच्या पुस्तकांत पहिलं चित्र बहुतेक रोबोटच्या हाताचं असतं. माझं मत विचाराल तर इथल्या विद्यार्थ्याने आधी ही पेटी उघडून बघावी. अर्थात मेन स्विच पाडून.

मेकॅट्रॉनिक्स हे नाव १९६९ साली जपानच्या यास्कावा कंपनीतले अभियंते तेत्सुरो मोरी यांनी दिलं. यंत्र, वीज आणि प्रोग्रॅम यांचा विचार वेगवेगळा न करता पहिल्यापासून एकत्र करायचा, एवढंच त्यात आहे. तो एकत्र विचार म्हणजे नेमकं काय, हे विहिरीत पाणी संपतं तेव्हा कळतं.

पाणी संपलं आणि मोटार कोरडी चालत राहिली की पंप खराब होतो. सबमर्सिबलला तर थंड राहायलाही पाणीच लागतं आणि तिच्या बेअरिंगना वंगणही पाण्याचंच. मग पाणी आहे की नाही, हे कळायचं कसं? आमच्या वर्गात पहिलं उत्तर आलं, सेन्सर खाली सोडा. पण शेकडो फूट बोअरमध्ये सोडलेली तार पाइप काढताना तुटते, सेन्सरवर क्षार चढतात. खरं उत्तर वर पेटीतच आहे. पाणी उचलायचं काम थांबलं की मोटारीवरचा भार उतरतो आणि ती कमी करंट ओढते. वायरभोवती सीटीची, म्हणजे करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची, एक कडी बसवली की मोटारच विहिरीची खबर देते.

गंमत पुढे आहे. भार उतरला तरी करंट शून्याजवळ जात नाही, कारण चुंबकीय क्षेत्र तयार करायला मोटारीला बराच करंट लागतोच. वर आपल्याकडे व्होल्टेज स्थिर नसतं. भार असलेल्या मोटारीला व्होल्टेज कमी मिळालं की ती उलट जास्त करंट ओढते. म्हणून कॉलेजच्या लॅबमध्ये ठरवलेला एकच आकडा वावरात फसतो. करंटबरोबर व्होल्टेज आणि पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटपैकी प्रत्यक्ष कामाला येणारा वाटा, हेही मोजलं, तर निदान भरवशाचं होतं. पॉवर फॅक्टर कोरड्या मोटारीत ठळकपणे घसरतो.

एक फेज उडाल्यावरही अशीच फसवणूक होते. चालू मोटार उरलेल्या दोन फेजवर फिरत राहते, त्यांतला करंट सुमारे पावणेदोन पट होतो आणि वाइंडिंग जळतं. त्या वेळी मोटार स्वतःच गेलेल्या फेजवर थोडं जनरेटरचं काम करते. त्यामुळे नुसतं व्होल्टेज बघणाऱ्या यंत्राला सगळं ठीकच वाटतं. तिन्ही फेजचा करंट बघणारी पेटी मात्र ही चोरी पकडते.

एवढं जमलं की प्रोजेक्ट संपला असं आम्हाला वाटतं. वस्तू मात्र इथून पुढे घडते. भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, उन्हातली पत्र्याची पेटी आतून त्याहून बरीच तापते. सर्किटमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य ढोबळमानाने दर १० अंशांना निम्मं होतं. म्हणजे ८५ अंशांपर्यंत चालणारा स्वस्त कपॅसिटर घ्यायचा की १०५ अंशांपर्यंत चालणारा, हा निर्णय प्रोग्रॅमच्या शंभर ओळींपेक्षा मोठा. हवेसाठी पेटीला जाळी ठेवली तर मुंग्या आणि पाल आत शिरतात. पाल कॉन्टॅक्टरमध्ये, म्हणजे मोटारीची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचमध्ये, अडकून मेली की कॉन्टॅक्ट नीट बसत नाहीत. पेटी घट्ट बंद केली तर उष्णता आत कोंडते. आम्ही सर्किट वेगळ्या बंद डबीत ठेवलं आणि मोठी पेटी सावलीच्या बाजूला वळवली. दुसरा उपाय जास्त उपयोगी पडला, आणि त्याला खर्च शून्य.

शेवटचा पेच शेजाऱ्यांचा आहे. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. लाइट आल्या आल्या एका डीपीवरच्या (वीज पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटारी ऑटो स्विचमुळे एकदम उठल्या तर व्होल्टेज कोसळतं आणि डीपीवर ताण येतो. महावितरण ऑटो स्विच काढा म्हणून सांगतं ते याचसाठी. तांत्रिक उपाय सोपा आहे: प्रत्येक पेटीने काही सेकंद ते काही मिनिटं, आपापल्या हिशोबाने थांबून मोटार चालू करायची. गावातल्या नानांना तो पटला नाही. "बाकीच्यांच्या मोटारी चालू झाल्या, आपली का नाही?" विहीर शेजाऱ्याच्या विहिरीला लागून असेल, तर ज्याची मोटार आधी चालू तो आधी पाणी ओढणार, म्हणून प्रश्न रास्तच आहे. आमच्या पेटीत ती वेळ कमी-जास्त करायचा स्क्रू आहे. तो बाहेर ठेवायचा की आतल्या डबीत, यावर गटात अजून भांडण चालू आहे.