भयकाळातील दैनंदिन सौंदर्यानुभव

भयकाळातील दैनंदिन सौंदर्यानुभव : युद्ध, बंदिवास, दुर्धर आजार किंवा उद्याविषयीची तीव्र अनिश्चितता अशा परिस्थितीत, भयाचे कारण दूर झालेले नसतानाही, रोजच्या जगण्यातील वस्तू, दृश्ये, ध्वनी व कृती यांमध्ये माणसाला येणारा सौंदर्याचा प्रत्यय. हा अनुभव कलास्वादाहून वेगळा आहे, कारण त्याला चौकट नसते, रंगमंच नसतो. उदात्ताच्या, म्हणजे भव्य व थरारक गोष्टींच्या, अनुभवाहूनही तो वेगळा मानावा लागतो. उदात्तात जे भयप्रद असते तेच आस्वादाचा विषय होते. येथे मात्र भयाचे कारण एक असते आणि आस्वादाचा विषय दुसराच असतो.

अशा अनुभवांचा विचार करणाऱ्या दैनंदिन सौंदर्यशास्त्राचा, म्हणजे कलेबाहेरच्या रोजच्या जगण्यातील सौंदर्याच्या अभ्यासाचा, आरंभ कोठे मानावा याविषयी मतभेद आहेत. सामान्यतः अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्या ‘आर्ट ॲज एक्स्पीरियन्स’ (१९३४) या ग्रंथाकडे बोट दाखवले जाते. काही अभ्यासक मात्र ड्यूई यांचे लक्ष अखेर कलेवरच होते असे म्हणून या शाखेचा खरा आरंभ आर्टो हापाला (२००५) आणि युरिको साइतो (२००७) यांच्या लेखनापर्यंत पुढे आणतात. पहिले मत अधिक ग्राह्य वाटते, कारण सामान्य अनुभव आणि कलानुभव यांत मुळातच खंड नाही, ही भूमिका ड्यूई यांनी स्पष्टपणे मांडली होती. मराठीत रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात लौकिकतावाद (सौंदर्यानुभव सामान्य जीवनानुभवाशी जोडलेला मानणारा) आणि अलौकिकतावाद (तो त्याहून स्वतंत्र मानणारा) असे दोन ध्रुव कल्पून या प्रश्नाची चर्चा केली आहे. प्रस्तुत अनुभव लौकिकाच्या ध्रुवाकडे झुकतो हे उघड आहे.

विषयाचा खरा पेच वेगळा आहे : ज्याला स्वतःच्या जिवाची धास्ती आहे, त्याला सौंदर्य जाणवू शकते काय? एडमंड बर्क (१७५७) यांच्या मते संकट फार जवळ येऊन ठेपले की ते केवळ भयंकर असते, काही अंतरावरूनच त्यातून आनंद संभवतो. इमॅन्युएल कांट (१७९०) यांनीही भ्यालेल्या माणसाला निसर्गातील उदात्ताविषयी निर्णय करता येत नाही असे प्रतिपादले. भारतीय परंपरेत काश्मीरचा तत्त्वज्ञ अभिनवगुप्त याने (सु. दहाव्या शतकाचा उत्तरार्ध ते अकराव्याचा आरंभ) रसप्रतीतीची, म्हणजे नाट्यकाव्यातील रसाच्या आस्वादाची, सात विघ्ने सांगितली असून त्यांपैकी एक ‘निजसुखादिविवशीभाव’, म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटून जाणे, हे आहे. त्याच मालिकेतील ‘संशययोग’ या विघ्नाचा जीवनातील अनिश्चिततेशी संबंध जोडू नये. तेथील संशय विभावादिकांतून (नाट्यात दाखवलेली भावनेची कारणे, लक्षणे इत्यादींतून) कोणता स्थायी भाव (रसाच्या मुळाशी असलेली भावना) सूचित होतो याविषयीचा आहे. विवशीभावावर अभिनवगुप्ताने सुचवलेला उपाय मात्र येथे महत्त्वाचा ठरतो. वाद्ये, गायन, सजवलेला मंडप यांनी प्रेक्षकाचे मन रंगवावे, असे तो म्हणतो. म्हणजे मन भयमुक्त झाल्यावर सौंदर्य भेटते एवढाच क्रम त्याला अभिप्रेत नाही. इंद्रियगोचर सौंदर्यानेच चिंतेची पकड सैल होते, हेही त्याने गृहीत धरले आहे.

आधुनिक काळात या प्रश्नाला नेमका आकार दिला तो एडवर्ड बलो यांनी. १९१२ च्या निबंधात त्यांनी समुद्रावरील धुक्याचे उदाहरण घेतले. जहाजावरील प्रवाशांना धुके म्हणजे विलंब, अदृश्य धोक्यांची भीती आणि ताण. पण त्याच धुक्यातील दुधाळ पडदा, पाण्याचा गुळगुळीतपणा, जगापासून तुटल्याची जाणीव यांकडे पाहिले, तर ते विलक्षण सुंदर भासते. हे घडते ते ‘मानसिक अंतरा’मुळे, म्हणजे स्वतःच्या व्यावहारिक गरजा बाजूला ठेवून वस्तूकडे पाहण्यामुळे, असा त्यांचा सिद्धांत आहे. त्याचा नेहमी दिला जाणारा सारांश, आस्वादासाठी भयापासून अलिप्त व्हावे लागते, हा अपुरा आहे. अंतर नाहीसे न होता शक्य तितके कमी असावे, असे बलो यांनी स्वतः म्हटले आहे. तत्त्वज्ञ जॉर्ज डिकी यांनी १९६४ मध्ये अंतर राखण्याची अशी काही खास मानसिक क्रिया असते ही कल्पनाच नाकारली. त्यांच्या मते प्रश्न फक्त लक्ष कशाकडे आहे एवढाच. अलिप्ततेपेक्षा लक्षाच्या भाषेत केलेले हे स्पष्टीकरण प्रत्यक्ष साक्षींशी अधिक जुळते.

या साक्षींमध्ये नाझी छळछावण्यांतून वाचलेले मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रांकल यांची विशेष प्रसिद्ध आहे. आउश्विट्झहून बव्हेरियातील छावणीकडे नेले जात असताना गजांच्या खिडकीतून दिसलेली साल्झबुर्गची सूर्यास्तात उजळलेली शिखरे कैद्यांनी कशी पाहिली, हे त्यांनी १९४६ च्या ग्रंथात नोंदवले. सुटकेची आशा सोडलेली असूनही, किंवा कदाचित त्यामुळेच, ते दृश्य मनाला भिडले असे त्यांना वाटते. ‘असूनही’ आणि ‘त्यामुळेच’ यांतील निवड त्यांनी केली नाही, आणि ती न करणेच प्रामाणिक होते. ॲम्स्टरडॅमच्या ज्यू रोजनिशीकार एटी हिलेसम यांनी जुलै १९४२ मध्ये, नाझी अंमलाखाली ज्यूंवरील निर्बंध आवळले जात असताना, घरामागील पावसाने झोडपलेल्या चमेलीविषयी रोजनिशीत लिहिले. १९४३ मध्ये आउश्विट्झ येथे त्यांचा अंत झाला. त्यांच्या लेखनात भीती कोठेही झाकलेली नाही, म्हणून त्या चमेलीवर विश्वास बसतो.

मानसशास्त्रात सूझन फोकमन यांनी १९९० च्या दशकात एड्सग्रस्त जोडीदारांची शुश्रूषा करणाऱ्या पुरुषांचा अभ्यास केला. तीव्र दुःखाच्या काळातही त्यांच्या मनात सुखद भावना वारंवार आढळल्या, आणि त्यांचा उगम बहुधा किरकोळ दैनंदिन प्रसंगांत होता. रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या असता, खिडकीतून झाडे दिसणाऱ्यांचा रुग्णालयातील मुक्काम विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा कमी होता, असे दिसले.

या संकल्पनेवर दोन आक्षेप घेता येतात. सौंदर्याची स्तुती करताना अन्यायाला सुसह्य ठरवले जाते, हा पहिला; तो गंभीर आहे, तथापि तो पीडितांच्या स्वतःच्या अनुभवापेक्षा, दुरून त्यांना सौंदर्य पाहण्याचा उपदेश करणाऱ्यांना अधिक लागू पडतो. दुसरा पुराव्यासंबंधी आहे. उपलब्ध साक्षी जे जिवंत राहिले किंवा ज्यांचे लेखन टिकून राहिले त्यांच्याच आहेत, त्यामुळे भयाने ज्यांची पाहण्याची शक्तीच हिरावून घेतली असेल, त्यांची बाजू या चर्चेत जवळजवळ आलेली नाही.