बदल पाचवीत, धडा दहावीत

जळगाव जिल्ह्यात चोपडा-यावलकडे म्हैस माजावर आली की घरात सगळ्यांना कळतं. कृत्रिम रेतन करायला डॉक्टर येतात तेव्हा दावं धरायला शाळेतलं पोरगंच उभं असतं. पपईचं नर झाड कोणतं, हेही ते फुलावरून सांगतं. त्याच घरात बहिणीला पहिल्यांदा पाळी येते, तेव्हा ‘कावळा शिवला’ म्हणून तिला बाजूला बसवतात. कुणी विषय काढलाच तर, ‘पोरेसले हाई काय सांगानं?’

सांगायचं, आणि वेळेत सांगायचं. मुली साधारण ८ ते १३ आणि मुलगे ९ ते १४ या वयात वयात येऊ लागतात. मेंदूतला हायपोथॅलॅमस थोड्याथोड्या वेळाने एक संप्रेरक सोडतो, त्याने पियुषिका ग्रंथी चाळवते आणि तिच्यामुळे अंडाशय किंवा वृषण कामाला लागतात. राज्य मंडळाच्या पुस्तकात मासिक पाळीचा धडा मात्र दहावीत येतो. तोवर पोरीची तीन-चार वर्षं धास्तीत गेलेली असतात. पहिली एक-दोन वर्षं पाळी ४५ दिवसांनीही येऊ शकते, कारण दर महिन्याला बीज सुटण्याची घडी बसलेली नसते. एवढं कळलं तरी तिचा जीव भांड्यात पडतो. तीन महिने पाळी आलीच नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवावं.

मुलींना निदान आई, मावशी, आशाताई काही सांगतात. मुलग्यांना कोणीच नाही, आणि मला जास्त काळजी त्यांचीच वाटते. झोपेत वीर्य गेलं की पोरगा हादरतो. ‘रक्ताच्या शंभर थेंबांतून वीर्याचा एक थेंब’ हे त्याने कुठेतरी ऐकलेलं असतं. मग भिंतीवरची ‘गुप्तरोग’वाली जाहिरात त्याला खरी वाटते. खरं तर वीर्यातला बहुतेक द्रव शुक्राशयात आणि पुरःस्थ ग्रंथीत तयार होतो, शुक्रपेशी रोज नव्या बनत राहतात. रक्त आटत नाही, अशक्तपणा येत नाही. केळीला पाणी भरता भरता काकाने एवढं सांगितलं तरी पुरे.

‘सांगितलं तर पोरं बिघडतील’ ही भीती जुनी आहे. २००७ साली राज्यात शाळांमधल्या लैंगिक शिक्षणावर बंदीच आली होती. पण युनेस्कोने २०१८ साली जगभरच्या अभ्यासांचा आढावा मांडला, तेव्हा अशा शिक्षणामुळे मुलं लवकर शरीरसंबंधांकडे वळतात असं दिसलं नाही. उलट नुसतं ‘लांब राहा’ एवढंच बजावणारे कार्यक्रम निरुपयोगी ठरले.

घरी जीभ रेटत नसेल, तर सरकारी रुग्णालयातलं ‘मैत्री’ क्लिनिक १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठीच आहे. पहिल्या वेळी सोबत जा, आणि पोराला आत एकट्याला बोलू द्या.