दुःखत्रय
सांख्यदर्शनातील दुःखविचार. आध्यात्मिक, आधिभौतिक आणि आधिदैविक अशी दुःखे तीन प्रकारची मानून त्यांच्या कायमच्या निवारणाचा मार्ग हे दर्शन शोधते. त्यातील नकारांमुळे काहींना हा विचार सर्वनाशवाद, म्हणजे सारे काही निरर्थक मानणारे मत, वाटतो. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिका या ग्रंथाचा (सु. चौथे-पाचवे शतक) आरंभच ‘दुःखत्रयाभिघाताज्जिज्ञासा’ असा आहे. देवाची स्तुती नाही, मंगलाचरण नाही. दुःखाचा घाव बसतो म्हणून माणूस विचार करू लागतो, एवढेच पहिले विधान.

शरीराचे रोग आणि मनाचे क्लेश, उदाहरणार्थ प्रियजनांचा वियोग, हे आध्यात्मिक दुःख. माणसे, पशुपक्षी, साप यांच्यापासून होणारे ते आधिभौतिक. भाष्यकार गौडपाद या यादीत डास, उवा आणि ढेकूणही न विसरता घालतो. थंडी, ऊन, वारा, पाऊस, वीज यांचे दुःख आधिदैविक. दुसरा टीकाकार वाचस्पतिमिश्र मात्र येथे यक्ष, राक्षस आणि ग्रह यांची बाधा सांगतो.

यावर औषधे आहेत, यज्ञयाग आहेत, मग तत्त्वज्ञान कशाला? ही शंका ग्रंथ स्वतःच घेतो. औषधाने दुःख नक्की जाईलच असे नाही आणि गेले तरी परत येणार नाही असेही नाही. यज्ञात हिंसा आहे, त्याचे फळ संपणारे आहे, आणि एकाला मिळालेल्या फळाहून दुसऱ्याचे अधिक असू शकते. उरतो तो विवेक : जड प्रकृती आणि केवळ द्रष्टा असलेला पुरुष यांतला भेद ओळखणे. सुखदुःख बुद्धीत घडते आणि बुद्धी ही प्रकृतीचाच विकार, म्हणजे तिचेच बदललेले रूप. पुरुष ते अविवेकामुळे आपले मानतो.

या आत्मज्ञानाचे वर्णन 64 व्या कारिकेत (श्लोकात) येते : ‘नास्मि न मे नाहम्’, म्हणजे ‘मी नाही, माझे नाही, अहं नाही’. वाचस्पतीच्या मते येथे अनुक्रमे क्रिया, स्वामित्व आणि कर्तृत्व नाकारले आहे. तीन नकारांचे हे ज्ञान वरवर पाहता सर्वनाशवाद वाटते. पण नकार पडतो तो अहंकाराच्या दाव्यांवर, पाहणारा उरतोच. पुढल्या कारिकांत तो शांतपणे प्रकृतीकडे पाहत राहतो आणि कुंभाराचे चाक दांडा काढल्यावरही फिरत राहावे तसे त्याचे शरीर काही काळ टिकते. जगणे निरर्थक ठरवून ते झिडकारण्याचा सूर येथे कुठेही नाही, हे ठासून सांगायला हवे.

तरी या विचारात एक अवघड जागा आहे. 62 वी कारिका म्हणते की कोणताही पुरुष बद्ध होत नाही, मुक्तही होत नाही. बद्ध आणि मुक्त होते ती प्रकृती. मग घाव बसला कोणाला? पहिल्या कारिकेतली जिज्ञासा कोणाची? शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात तापणारा (दुःख भोगणारा) आणि तापवणारा (दुःख देणारा) यांच्या संबंधावरून सांख्यांना याच ठिकाणी धरले. सांख्यांचे उत्तर पुरुषाच्या चैतन्याचे बुद्धीत पडणारे प्रतिबिंब या कल्पनेवर उभे आहे. ते दुःखाचा अनुभव कसा घडतो हे बरेचसे उलगडते, पण तो कोणाचा हे स्पष्ट होत नाही.

बौद्धांचा आक्षेप सर्वनाशवादाच्या आरोपाच्या उलट दिशेचा आहे. अश्वघोषाच्या बुद्धचरितात अराड हा आचार्य सिद्धार्थाला सांख्याशी मिळतेजुळते मत शिकवतो. आत्मा शिल्लक आहे तोवर बंधनाचे बीजही शिल्लक आहे, असे म्हणून सिद्धार्थ त्याला सोडून पुढे जातो. एकाच सिद्धान्ताला कोणी अतिनकारात्मक म्हणावे आणि कोणी पुरेसा नकार नाही म्हणून टाकावे, यातच त्याचे वेगळेपण दिसते.

मराठीत ही त्रयी ‘त्रिविध ताप’ म्हणून रुळली. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात तीन तापांना एकेक समास दिला आहे. आध्यात्मिक तापात खरूज, नारू, देवी, गोवर अशी व्याधींची लांबलचक गणती येते, तर आधिदैविक ताप म्हणजे मरणोत्तर यमयातना असा अर्थ त्यांनी घेतला आहे. चौकट जुनीच, पण समर्थांचा रोख विवेकाबरोबरच भक्तीकडे आहे.