केमोच्या उलट्या आणि आपल्या रानातला नरक्या

कोकणात कुणाला केमो सांगितली की घरचे पहिलं हेच विचारतात, उलट्या फार होतात का हो? भीती खोटी नाही, परळला टाटात औषध घेऊन रात्रीच्या एसटीने कशेडी घाटातून पिशवी तोंडाशी धरून येणारी माणसं जुन्या लोकांनी पाहिलीत, पण ती आठवण बरीचशी १९९१ च्या, म्हणजे उलटी अडवणारी नवी औषधं यायच्या, आधीची आहे.

आतड्याच्या कॅन्सरचंच बघा, त्यावर फाइव्ह-एफयू हे केमोचं औषध १९५७ पासून आहे आणि कित्येक वर्षं मुख्य आधार तोच. नंतर इरिनोटेकान आलं, त्याचं मूळ द्रव्य कॅम्प्टोथेसिन १९६६ मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून काढलं, आणि हे वाणी जन्माने आपल्या नंदुरबारचे! पुढे १९७२ मध्ये तेच द्रव्य नरक्यात सापडलं, म्हणजे सह्याद्रीच्या रानातलं ते घाण वास मारणारं झाड, ज्याची लाकडं नंतर चोरून तोडून नेली गेली (तोडणाऱ्याला चार पैसे, नफा भलत्याचाच). याच कॅन्सरवरचं तिसरं औषध, ऑक्सॅलिप्लॅटिन, मात्र जपानचं, १९७६ चं.

औषधं वाढली तरी ती सोसून माणसाने पुढची सायकल, म्हणजे केमोची पुढची फेरी, घ्यायला तर हवी ना, उलट्यांना कंटाळून मध्येच सोडलं की सगळंच फुकट. १९८० च्या दशकात कळलं की केमोने आतड्यातल्या काही पेशी सिरोटोनिन नावाचं द्रव्य सोडतात आणि तोच निरोप मज्जातंतूतून मेंदूकडे जातो, म्हणजे उलटीची सुरुवात बरीचशी आतड्यातच. तो निरोप अडवणारं ऑन्डान्सेट्रॉन १९९१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, सोबत उलटीवरच डेक्सामेथासोन, २००३ मध्ये ॲप्रेपिटंट, हल्ली ओलान्झापिन, जी खरं तर मानसिक आजाराची गोळी, म्हणून चिठ्ठीवर बघून घाबरू नये. तिने झोप फार येते, आणि टाटाच्याच डॉक्टरांनी २.५ मिलिग्रॅम देऊन दाखवलं की नेहमीच्या १० इतकंच काम होतं आणि गुंगी कमी.

उलटी आटोक्यात आली, मळमळ अजून चिवट आहे, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी आल्यावर जास्त. मग कुणी आलं चघळायला देतं, कुणी पेज, कुणी सोलकढी. सोलकढी द्या, पण ऑक्सॅलिप्लॅटिन चालू असेल तर फ्रिजमधली नको, त्या औषधाने गार काही लागलं की घसा आवळल्यासारखा होतो आणि बोटांना मुंग्या येतात.