देवमाशाची श्रोणी आणि हरवलेले पाय

देवमाशाला मागचे पाय नसतात, पण कमरेची हाडं, म्हणजे श्रोणी, असते. शरीराच्या मागच्या भागात, जननेंद्रियांजवळ, मांसात रुतलेली दोन सडपातळ हाडं. पाठीच्या कण्याशी त्यांचा कुठेही सांधा नाही. त्यामुळे मेलेल्या देवमाशाचा सांगाडा साफ करताना ती मांसाबरोबर सहज निघून जातात, आणि जगभरच्या संग्रहालयांतल्या कित्येक सांगाड्यांत ती सापडत नाहीत. कोकण किनाऱ्याला देवमासा लागला आणि त्याचा सांगाडा जतन करायचं ठरलं, तर ही दोन हाडं आधी शोधून बाजूला काढावीत असं मला मनापासून वाटतं. त्यांच्यामागे पाच कोटी वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला मोठा भाग आपल्याच उपखंडातल्या खडकांतून बाहेर आला आहे.

आधी श्रोणीचं काम काय ते पाहू. माणसात पाच मणके एकमेकांत जुळून त्रिकास्थी तयार होते. तिच्या दोन्ही बाजूंना नितंबाची हाडं घट्ट बसलेली असतात. यातलं प्रत्येक हाड लहानपणी तीन तुकड्यांत असतं आणि वयात येताना ते एकसंध होतं. या हाडांच्या खोबणीत मांडीचं हाड बसतं, तो खुबा. गाय, कुत्रा, घोडा यांच्यातही मांडणी हीच, फक्त श्रोणी लांबट आणि आडवी. पायाचा रेटा कण्यापर्यंत पोचतो तो त्रिकास्थी आणि नितंबाचं हाड यांच्या सांध्यातून. हा सांधा सुटला की मागचे पाय शरीर पेलू शकत नाहीत. देवमाशांच्या पूर्वजांत नेमका हाच सांधा सुटला.

स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनचे शरीररचनेचे प्राध्यापक जॉन स्ट्रदर्स यांनी ग्रीनलंडच्या समुद्रातल्या राइट व्हेलची ही हाडं बारकाईने सोडवली आणि 1881 मध्ये त्यांचं वर्णन छापलं. श्रोणीच्या हाडाला लागून मांडीच्या हाडाचा अवशेष होता, त्याच्यापुढे नडगीचा छोटा अवशेष, शिवाय सांधे, अस्थिबंध आणि स्नायूही होते. बाहेरून पायाचा मागमूस नसलेल्या प्राण्याच्या पोटात आख्ख्या पायाचा आराखडा शिल्लक होता. दोनच वर्षांनी, 1883 मध्ये, विल्यम फ्लॉवर यांनी देवमाशांचं मूळ खुरांच्या प्राण्यांत शोधावं असं सुचवलं. त्या वेळी हातात पुरावा तुटपुंजा होता, तरी दिशा बरोबर होती.

मध्यंतरी निसर्गानेच एक नमुना समोर ठेवला. 1919 मध्ये कॅनडाच्या व्हँकूव्हर बेटाजवळ पकडलेल्या हंपबॅक जातीच्या एका देवमासा मादीच्या शरीरातून मागच्या पायांसारखे दोन अवयव बाहेर आलेले होते. लांबी चार फुटांहून जास्त, आत हाडं आणि कूर्चा. न्यूयॉर्कच्या संग्रहालयातले रॉय चॅपमन अँड्र्यूज यांनी 1921 मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली.

जीवाश्मांची कथा मात्र चुकीच्या नावाने सुरू झाली. अमेरिकेत सापडलेल्या अवाढव्य मणक्यांवरून रिचर्ड हार्लन यांनी 1834 मध्ये त्या प्राण्याला (तो प्रत्यक्षात एक प्राचीन देवमासा होता) ‘बॅसिलोसॉरस’, म्हणजे सरड्यांचा राजा, असं नाव दिलं. पुढे रिचर्ड ओवेन यांनी दोन मुळांचे दात पाहून तो सस्तन प्राणी असल्याचं दाखवलं. नाव मात्र नियमानुसार तेच राहिलं. त्याचे मागचे पाय मिळायला दीडशेहून अधिक वर्षं जावी लागली. इजिप्तच्या वाळवंटातल्या वादी अल-हितान इथे फिलिप गिंगरिच, होली स्मिथ आणि एल्विन सायमन्स यांना ते सापडले आणि 1990 मध्ये त्यांनी ते जाहीर केले. प्राणी पंधरा मीटरच्या आसपास लांब आणि पाय जेमतेम अर्ध्या मीटरचे. पण त्यात मांडी होती, गुडघ्याची वाटी होती, घोटा होता, बोटंही होती. श्रोणी कण्यापासून सुटलेली होती, म्हणजे चालण्यासाठी हे पाय निरुपयोगी. मग पाय नीट चालत होते तो काळ शोधायचा, तर त्याहून मागे जायला हवं होतं.

ते खडक पाकिस्तानात आणि भारतात आहेत. त्या काळी भारतीय भूखंड आशियाला भिडत होता आणि मधला टेथिस समुद्र उथळ होत चालला होता. 1981 मध्ये पाकिसेटस या प्राचीन देवमाशाचं नामकरण झालं. 1994 मध्ये जीवाश्मतज्ज्ञ हान्स थेविसन आणि सहकाऱ्यांनी मोठ्या पंजांचा, ॲम्ब्युलोसेटस नावाचा देवमासा मांडला. कच्छमध्ये अशोक साहनी आणि त्यांचे सहकारी 1970 च्या दशकापासून देवमाशांचे जीवाश्म गोळा करत होते. तिथल्या रेमिंग्टनोसेटस या देवमाशाला हरुडी परिसरातल्या थरांवरून ‘हरुडिएन्सिस’ हे जातिनाम मिळालं. रेमिंग्टनोसेटसची श्रोणी अजून त्रिकास्थीला घट्ट जोडलेली होती. त्यानंतरच्या, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात सापडलेल्या जॉर्जियासेटसची श्रोणी चांगली मोठी होती, पण कण्याशी जोडलेली नव्हती. सांधा आधी सुटला, हाडं नंतर लहान झाली.

खरा वाद मिटवला तो घोट्याने. 1960 च्या दशकापासून बहुतेक जीवाश्मतज्ज्ञ मेसोनिकिड या नामशेष मांसाहारी गटाला देवमाशांचे पूर्वज मानत, कारण दात जुळत होते. रेणूंचा अभ्यास करणारे मात्र देवमाशांना पाणघोड्याच्या जवळ नेऊन बसवत होते. निवाडा करू शकेल असं एक हाड होतं. घोट्यातलं, नडगीच्या लगेच खालचं. सस्तन प्राण्यांत त्याचा वरचा भाग सहसा कप्पीसारखा, मधे खाच असलेला असतो. माणसात त्याचं पुढचं टोक गोलसर असतं, म्हणून पाऊल आत-बाहेर वळतं. शेळी, गाय, डुक्कर, उंट, पाणघोडा यांच्यात खालच्या टोकालाही कप्पी असते. त्यामुळे पाय पुढे-मागेच हलतो आणि पळताना लचकत नाही. दोन टोकांना दोन कप्प्या असलेलं हे हाड समखुरी, म्हणजे सम संख्येने खूर असलेल्या, प्राण्यांखेरीज कुणात नाही.

सप्टेंबर 2001 मध्ये, एकाच आठवड्यात, दोन स्वतंत्र गटांनी आपले जीवाश्म प्रसिद्ध केले. थेविसन यांच्या गटाने पाकिसेटस आणि त्याचे नातलग, तर गिंगरिच यांच्या गटाने बलुचिस्तानातले रोधोसेटस आणि आर्टिओसेटस. सगळ्यांच्या घोट्यात दुहेरी कप्पी होती. गिंगरिच तोवर मेसोनिकिडच्या बाजूने होते. स्वतःच खणून काढलेलं हाड पाहून त्यांनी मत बदललं. विज्ञानात याहून सुंदर गोष्ट मला माहीत नाही.

मग राहिला जीवाश्मांतला सर्वांत जवळचा नातलग. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटजवळचे खडक गोळा केले होते आणि 1971 मध्ये तिथल्या एका छोट्या प्राण्याला इंडोहायस असं नाव दिलं होतं. त्यांच्या निधनानंतर हे दगड त्यांच्या पत्नीने जपून ठेवले आणि पुढे थेविसन यांच्या हाती दिले. ते साफ करताना एक कवटी चुकून फुटली, आणि आतलं कानाचं हाड उघडं पडलं. त्याची आतली कड जाड होती, जशी देवमाशांची असते. डिसेंबर 2007 मध्ये थेविसन, सुनील बाजपेयी, बी. एन. तिवारी आणि सहकाऱ्यांनी हे मांडलं. सुमारे 4.8 कोटी वर्षांपूर्वीचा, मांजराएवढा, बारीक पायांचा हा समखुरी प्राणी पाण्यात वावरत असे. त्याची हाडं आतून जड होती, पाण्याच्या तळाशी चालायला सोयीची.

गर्भातही याचं प्रतिबिंब दिसतं. डॉल्फिनच्या भ्रूणात सुरुवातीच्या आठवड्यांत मागच्या पायांचे अंकुर फुटतात आणि थोड्याच दिवसांत विरतात. अंकुराची वाढ चालू ठेवणारं ‘सॉनिक हेजहॉग’ हे जनुक तिथे कामच करत नाही, हे 2006 मध्ये दाखवण्यात आलं.

तरीही उरलेल्या श्रोणीला निव्वळ अवशेष म्हणणं चूक आहे. नराच्या लिंगाची हालचाल करणारे स्नायू तिलाच जोडलेले असतात. अमेरिकेतल्या जिम डाइन्स, मॅथ्यू डीन आणि सहकाऱ्यांनी संग्रहालयांतल्या देवमासे-डॉल्फिनांच्या श्रोणी मोजून 2014 मध्ये निष्कर्ष मांडला. ज्या जातींत माद्या अनेक नरांशी जुगतात आणि नरांत स्पर्धा तीव्र असते, तिथे शरीराच्या मानाने श्रोणी मोठी असते. पडताळणीसाठी त्यांनी त्याच प्राण्यांच्या बरगड्याही मोजल्या होत्या. त्यांच्यात असा संबंध आढळला नाही.