मद्यपान करून वाहन चालविल्याच्या आरोपातील बचाव

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ खालील खटल्यात आरोपी चालकातर्फे घेतले जाणारे कायदेशीर व न्यायवैद्यकीय आक्षेप. वकिलांच्या बोलण्यात ‘ड्रंक अँड ड्राइव्हची केस लढवणे’. चालक प्यायला होता काय, हा खटल्याचा विषय दिसत असला, तरी उलटतपासणीत वाद रंगतो तो एका आकड्याभोवती : तो कोणत्या यंत्राने दिला, किती वाजता दिला आणि तो नक्की कशाचा आहे.

पूर्वपीठिका : मोटार चालविताना झिंगलेला आढळल्याबद्दल शिक्षा झालेला पहिला चालक म्हणून लंडनच्या जॉर्ज स्मिथ या टॅक्सीचालकाचे नाव सामान्यतः घेतले जाते (१० सप्टेंबर १८९७). त्या काळी पुरावा म्हणजे पोलिसाचे डोळे व नाक. त्यामुळे बचावही साक्षीदाराच्या विश्वसनीयतेवर बेतलेला असे. रक्तातील अल्कोहोलची ठराविक मर्यादा कायद्यात प्रथम नॉर्वेने १९३६ मध्ये घातली. ब्रिटनने १९६७ मध्ये १०० मिलीलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम ही मर्यादा स्वीकारली. आकडा आल्यावर ‘मी शुद्धीवर होतो’ या उत्तराला अर्थ उरला नाही आणि बचाव मोजमापाकडे वळला.

भारतात ही वाटचाल सरळ झाली नाही. १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमातील कलम ११७ मध्ये मूळ कसोटी होती वाहनावर योग्य नियंत्रण ठेवण्यास असमर्थ होण्याइतका अंमल. पुढे (बहुधा १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातील दुरुस्तीने) ‘कितीही अल्प प्रमाणात’ अल्कोहोल आढळले तरी गुन्हा, अशी टोकाची भूमिका आली व १९८८ च्या अधिनियमानेही ती प्रथम कायम ठेवली. आजची मर्यादा, १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त, १९९४ च्या दुरुस्तीने आली. म्हणजे ३० चा आकडा कडक दिसला, तरी तो पूर्वीच्या शून्याच्या जागी आलेली सवलत होती. अमली पदार्थांच्या बाबतीत मात्र असमर्थतेची जुनी कसोटी अजून टिकून आहे. तेथे बचावाला बरीच मोकळी जागा मिळते.

महाराष्ट्रात दुसरे मापही आहे. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ (आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम) याच्या कलम ६६(२) नुसार रक्तात ०.०५ टक्के, म्हणजे १०० मिलीलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम, अल्कोहोल आढळल्यास ते औषधादी वैध मार्गाने शरीरात गेल्याचे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर येतो. द्राक्षासव किंवा खोकल्याचे औषध घेतल्याचा बचाव मुळात या कायद्यातला. कलम १८५ मध्ये अल्कोहोल कशातून आले याला स्थान नाही, केवळ प्रमाणाला आहे. तरीही हा बचाव तेथे सवयीने मांडला जातो. गोव्यात दारूबंदी अधिनियम नसल्याने तेथे हा घोळ उद्भवत नाही.

श्वास आणि रक्त : कायद्यातील मर्यादा रक्ताची, तर रस्त्यावरचे यंत्र मोजते श्वास. या विसंगतीतून बचावाचा सर्वांत तांत्रिक भाग उभा राहिला आहे. फुप्फुसांच्या वायुकोशांतील हवेत व रक्तात अल्कोहोलचे प्रमाण ठराविक गुणोत्तरात राहते (हेन्रीचा नियम) असे धरून यंत्र श्वासातील आकड्याला एका गुणकाने गुणते. इंडियाना विद्यापीठातील रोला हार्गर यांचे ‘ड्रंकोमीटर’ (१९३० चे दशक) आणि रॉबर्ट बोर्केन्स्टाइन यांचे ‘ब्रेथलायझर’ (१९५४) यांच्या परंपरेत २१०० : १ हे गुणोत्तर रूढ झाले : २१०० मिलीलिटर श्वासात जेवढे अल्कोहोल, तेवढेच १ मिलीलिटर रक्तात. ब्रिटनमध्ये १०० मिलीलिटर श्वासातील ३५ मायक्रोग्रॅम हे ८० मिलिग्रॅम रक्तमर्यादेच्या बरोबरीचे मानले जातात. त्यातून गुणोत्तर सुमारे २३०० निघते. हा फरक पुस्तकी नाही. २३०० च्या हिशेबाने ३१ मिलिग्रॅम दाखविणारा श्वास २१०० च्या हिशेबाने २८ च्या आसपास येतो, म्हणजे मर्यादेच्या आत. गुणोत्तर माणसागणिक आणि एकाच माणसात वेळेगणिक बदलते, हे सर्वमान्य आहे. तरीही २१०० हा आकडा बहुसंख्य लोकांच्या बाबतीत रक्तातील प्रमाण किंचित कमीच दाखवितो; त्यामुळे मर्यादेपेक्षा बऱ्याच वरच्या आकड्यावर हा आक्षेप फारसा टिकण्यासारखा नाही. खरा उपयोग ३० ते ४० च्या दरम्यानच्या प्रकरणांत.

याहून सोपा व अधिक फलदायी आक्षेप तोंडातील अल्कोहोलचा. नुकताच घेतलेला घोट, अल्कोहोलयुक्त माउथवॉश किंवा ढेकर यांमुळे नळीत जाणारी हवा फुप्फुसातली न राहता तोंडातली ठरते. म्हणून चाचणीपूर्वी सुमारे १५ मिनिटे थांबणे व दोनदा फुंकायला लावणे ही चांगली पद्धत मानतात. यंत्रातून निघणाऱ्या चिठ्ठीवर तारीख, वेळ, यंत्राचा क्रमांक व आकडा असतो. चिठ्ठीवरची वेळ, स्टेशन डायरीतील नोंद व वैद्यकीय तपासणीच्या कागदावरची वेळ या तिन्ही एकमेकींशी जुळतात का, हे वकील आधी पाहतो. यंत्राचे अंशशोधन (कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्र अचूक मोजते का याची पडताळणी) शेवटचे केव्हा झाले, हा दुसरा प्रश्न. कलम २०३ च्या स्पष्टीकरणानुसार यंत्र केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रकाराचे असावे लागते.

वेळ : गुन्हा वाहन चालवीत असतानाच्या प्रमाणाचा आहे, चौकीतल्या प्रमाणाचा नाही. स्वीडिश शास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांच्या सूत्रानुसार (१९३२) रक्तातील अल्कोहोल तासाला सरासरी १५ मिलिग्रॅमच्या आसपास उतरते. पण शेवटच्या पेल्यानंतर अर्धा ते दीड तास ते चढतही असते. रात्री १०.३० ला पेला संपवून निघालेला चालक १०.४० ला अडविला गेला आणि ११.३० ला चौकीत यंत्राने ३४ दाखविले, तर स्टिअरिंगवर असताना तो २५ वर असू शकतो. उलट चार तासांनी घेतलेल्या रक्तातील २० वरून सरकार पक्ष मागे मोजत ८० पर्यंत जाऊ शकतो. दोन्ही बाजूंनी वापरता येणारे हे शस्त्र असल्याने अनुभवी वकील ते जपून काढतो.

कलम २०२ नुसार, अटक केल्यापासून दोन तासांत नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीकडून तपासणी व्हावी लागते. न झाल्यास आरोपीला सोडावे लागते. या चुकीने खटलाच बाद होतो असा युक्तिवाद केला जातो. कलमाचे शब्द पाहता परिणाम कोठडीपुरता आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. कलम २०३ खालील श्वासचाचणी सार्वजनिक ठिकाणच्या चालकापुरती आहे, तर कलम १८५ मध्ये ‘सार्वजनिक ठिकाण’ हे शब्दच नाहीत. सोसायटीच्या आवारातल्या प्रकरणांत ही फट दिसते. चाचणीस नकार देणे हा सुटकेचा मार्ग नाही : कलम २०५ खाली, सबळ कारण नसल्यास, नकार सरकार पक्षाच्या पुराव्याला पूरक मानता येतो. शरीराचा नमुना देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, अशीच दिशा काठी कालू ओघड खटल्याने (१९६१) घालून दिली.

रक्ताचा नमुना : सुई टोचण्याची जागा स्पिरिटने पुसली काय, बाटलीत सोडियम फ्लुओराइड होते काय (नसल्यास किण्वनाने अल्कोहोल वाढू शकते), मोहोर शाबूत होती काय आणि न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पोचेपर्यंत नमुना कोणाच्या ताब्यात होता, हे प्रश्न ठरलेले. उखा कोल्हे खटल्यात (१९६३) सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदी अधिनियमातील विहित पद्धतीबाहेर घेतलेला रक्तनमुनाही पुराव्यात येऊ शकतो असे म्हटले; नमुना कोणाच्या ताब्यात होता, हा प्रश्न त्याही खटल्यात होता. अभिनेता सलमान खान याच्या २००२ च्या अपघातप्रकरणी मुंबई उच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१५ रोजी निर्दोष मुक्तता केली, तेव्हा रक्तनमुन्याचा पुरावा विश्वासार्ह मानला नाही. याउलट अ‍ॅलिस्टर परेरा प्रकरणात (वांद्रे येथील कार्टर रोड, २००६) ०.११२ टक्क्यांचा अहवाल टिकला व २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली.

चाचणीशिवाय सिद्धता : बचुभाई करयाणी खटल्यात (१९७१) सर्वोच्च न्यायालयाने तोंडाचा वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या व असंबद्ध बोलणे एवढ्यावरून मद्याचा अंमल निश्चित सिद्ध होत नाही, असे म्हटले. बचावाचे वकील अजून हाच निर्णय पहिला काढतात. १९९४ नंतर कलम १८५ पुरता तो वाद काहीसा मागे पडला, कारण आकडा नसेल तर गुन्ह्याचा घटकच अपुरा राहतो. २०१९ च्या दुरुस्तीने ‘प्रयोगशाळेतील चाचणीसह अन्य कोणतीही चाचणी’ हे शब्द घातल्याने फक्त श्वासयंत्राचाच पुरावा चालतो हा जुना आक्षेपही संपला. विम्याच्या दाव्यात कसोटी वेगळी : पर्ल बेव्हरेजेस प्रकरणात (२०२१) चाचणी झाली नसतानाही विमा कंपनीला अंमल अन्य पुराव्याने दाखविता येतो असे ठरले.

शिक्षा : पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, नंतरच्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही (१ सप्टेंबर २०१९ पासून). कलम २०० खाली तडजोडयोग्य गुन्ह्यांत कलम १८५ नसल्याने चौकात दंड भरून सुटका होत नाही, दंडाधिकाऱ्यासमोर जावेच लागते. तेथे गुन्हा कबूल करून दंड भरण्याकडे चालकांचा कल असतो, आणि दंडाधिकारी न्यायालयांचे निकाल विधिवृत्तांत (न्यायनिर्णय छापणाऱ्या नियतकालिकांत) छापले जात नाहीत. त्यामुळे वर आलेले निर्णय मुख्यतः प्राणघातक अपघातांचे व विम्याचे आहेत; साध्या नाकाबंदीतल्या प्रकरणांचा बचाव वकिलांच्या तोंडी परंपरेत राहिला आहे.